एका ताग्याचं घर

"आमच्या घरात काही म्हणजे काही वाया जात नाही." हे वाक्य या गोष्टीतली आई अशा थाटात म्हणायची, की ऐकणाऱ्याला वाटावं, बाई नुकतीच लढाई जिंकून आल्यात. आणि खोटं नव्हतं ते. त्या घरात साबण कधी संपायचाच नाही. झिजून पातळ झाला, की तो नव्या वडीच्या पाठीवर चिकटवला जायचा आणि घराण्याची परंपरा पुढे चालू राहायची. टूथपेस्टची नळी आधी पिळायची, मग लाटण्यानं लाटायची, मग कात्रीनं उभी चिरायची. त्यानंतरही बाबांचे चार दिवस आरामात निघायचे. पेन्सिल बोटांत धरता येईनाशी झाली, की तिच्या बुडाला जुन्या पेनाची नळी बसायची आणि ती पुन्हा शाळेत जायची.

तुम्ही म्हणाल, हा चक्क कंजूषपणा झाला. आईसमोर म्हणून बघा. "कंजूष माणूस साठवतो आणि कुढतो. मी पुरवते आणि हसते," असं ती म्हणायची, आणि खरंच हसायची. तीन पोरं, बाबांचा बसस्थानकातल्या तिकीटखिडकीवरचा एकट्याचा पगार, आणि तरी त्या घरात कुणी उपाशी, उघडं किंवा रडवेलं दिसलं नव्हतं. मान ताठ ठेवायला एवढं कारण पुरे झालं.

पोरांनाही या राज्याचे कायदे तोंडपाठ होते. त्यातला सगळ्यात लाडका कायदा बरणीचा. जॅम संपत आला, की आई लांब दांड्याचा चमचा घेऊन बरणी आतून खरवडायची. काचेवर चमच्याची टणटण सुरू झाली, की ज्याची पाळी असेल त्यानं "माझी पाळी" असं ओरडत यायचं. तळाचं, कडांचं, झाकणाच्या आट्यांतलं जे काही निघेल ते सगळं त्याचं. मग त्याच बरणीत कोमट दूध ओतून ती जोरात हलवायची, आणि ते गुलाबी दूध उरलेल्या दोघांचं. त्या टणटणीला थोरली गणित अर्धं टाकून यायची, मधला मोरीतून साबणासकट यायचा, आणि धाकटा तर गाढ झोपेतून उठून बसायचा. पाळी कुणी चुकवायची नाही आणि दुसऱ्याची कुणी लाटायची नाही. यावरून त्या घरात कधी भांडण झालं नाही, आणि ज्यांच्या घरी तीन पोरं आहेत त्यांना यात केवढं कर्तृत्व आहे ते वेगळं सांगायला नको.

तर अशा या घरात एक दिवस तागा आला.

कोपऱ्यावरचा कापडवाला दुकान बंद करून मुलाकडे राहायला निघाला होता. त्याच्याकडे एका हॉटेलानं पडद्यांसाठी मागवलेला एक अगडबंब तागा पडून होता. हॉटेलवाल्याच्या बायकोनं तो पाहिला, "हे?" एवढंच म्हणाली, आणि तागा तिथेच राहिला. हिरव्या रंगावर पिवळे चौकोन, आणि प्रत्येक चौकोनाच्या मधोमध एक तांबूस ठिपका. कापड मात्र असं, की दोन्ही बाजूंनी बैल लावून ओढलं तरी फाटायचं नाही. कापडवाला म्हणाला, "वहिनी, घेऊन जा. मला दाम नको, मला जागा मोकळी हवी आहे." बाबांनी तो खांद्यावर घेतला, पहिल्या मजल्यावर उतरवला, त्याच्यावर बसून घाम पुसला आणि विचारलं, "अगं, एवढ्याचं करायचं काय?"

"बघालच," आई म्हणाली.

बाबांनी बघितलं. आधी पडदे झाले. मग दिवाणावरची चादर, मग उशांचे अभ्रे, तक्क्यांच्या खोळी. उशांत भरायला अर्थातच त्याच कापडाची कातरण. मग थोरलीचा फ्रॉक, मधल्याचा शर्ट, आणि धाकट्याला शर्ट-चड्डी एकत्र जोडलेली, म्हणजे त्याला ती एकेक करून काढून फेकता येऊ नये. बाजाराची पिशवी झाली, छत्रीची खोळ झाली, शिवणयंत्रावर टाकायचं झाकण झालं. आणि तागा होता तेवढाच. शेवटी बाबांचाही शर्ट झाला. बाबा गरीब स्वभावाचे, घरात घालायला लगेच तयार झाले. कामावर मात्र नेईनात. "मी खिडकीमागे बसतो गं," ते म्हणाले. "लोकांना वाटेल पडदा ओढलाय. अख्खी रांग परत जाईल."

सगळ्यांत शेवटी आईनं स्वतःसाठी एक ऐसपैस गाऊन शिवला, दोन्ही बाजूंना खोल खिसे ठेवून, आणि नव्याचं नवंपण टिकावं म्हणून तो कपाटात ठेवून दिला.

एकच बारीकशी अडचण झाली. घरातली माणसं अधूनमधून दिसेनाशी व्हायला लागली. बाबा पडद्याजवळ पेपर वाचत उभे असले, की आई त्यांना दोनदा ओलांडून जायची आणि तिसऱ्यांदा स्वयंपाकघरातून "अहो, कुठे आहात?" विचारायची. थोरली हुशार. तिनं यातून एक खेळच काढला, आणि त्याचं नाव ठेवलं उशी-उशी. दिवाणावर जायचं, पाय पोटाशी घ्यायचे, डोकं एखाद्या उशीखाली खुपसायचं आणि उशी व्हायचं. जो हलला तो हरला. या खेळात धाकट्याचा हात धरणारा कुणी नव्हता, कारण तो हमखास झोपी जायचा.

आता वन्संबद्दल सांगायला हवं.

वन्सं म्हणजे बाबांची मोठी बहीण. मनानं वाईट नव्हत्या. दैवानं भरपूर दिलं होतं, आणि त्यातलं थोडं भावाला द्यावं असं त्यांना मनापासून वाटायचं. अडचण होती ती देण्याच्या पद्धतीची. दर भेटीला त्या आपल्या मुलांच्या जुन्या कपड्यांचं एक गाठोडं घेऊन यायच्या, ते दिवाणावर ठेवायच्या, आईच्या पाठीवरून हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, "बिचारी." तेवढंच, एकच शब्द. पण तो त्या गेल्यावरही कितीतरी दिवस घरात फिरत राहायचा. आई साबणाला साबण चिकटवायला जायची आणि तिला तो ऐकू यायचा. जे ती आजवर हौसेनं करत आली होती, ते त्या एका शब्दानं केविलवाणं होऊन जायचं. हे तिनं बाबांनाही कधी सांगितलं नव्हतं.

म्हणून या रविवारी वन्सं येणार असं कळल्यावर आईनं मनाशी ठरवलं. या वेळी त्या घर बघतील, पडदे बघतील, पोरांच्या अंगावरचे कोरे कपडे बघतील. या वेळी तो शब्द निघणार नाही. आणि ते गाठोडं आलं तसं, न सोडता, परत जाईल.

सकाळपासून घर घासूनपुसून लख्ख झालं. जॅमची बरणी नेमकी संपायला आली होती आणि पाळी होती धाकट्याची, पण आईनं बरणी फळीवर उंच ठेवून दिली. "आत्या गेल्यावर," ती म्हणाली. "आत्यासमोर तोंडं बरबटायची नाहीत." मग तिनं धाकट्याला न्हाऊ घातलं, ती जोडलेली शर्ट-चड्डी चढवली आणि उचलून दिवाणावर बसवलं.

"आत्या येईपर्यंत इथेच बसायचं. उठायचं नाही, हलायचं नाही, आवाज करायचा नाही. कपडे मळले तर बघ."

धाकट्यानं मान डोलावली. जन्माला आल्यापासून त्यानं सांगितलेलं काही ऐकलं नव्हतं, त्यामुळे त्या मान डोलावण्याकडे आईनं लक्ष दिलं नाही. ती आत चहाचे कप काढायला गेली.

वन्सं आल्या. बाबा आणि मधला त्यांना आणायला खाली गेले होते. बाबांनी गाठोडं घेतलं, मधल्यानं पर्स घेतली आणि पर्स घेण्याच्या ऐटीत दार सताड उघडं टाकलं. वन्संचे गुडघे दुखरे, त्यात जिना उभा. चष्मा होता, पण तो लावला की वय दिसतं म्हणून पर्समध्ये असायचा. त्या आत आल्या आणि समोर जे हिरवं-पिवळं दिसलं त्याच्यावर धपकन बसल्या. मागे रेलल्या. एक दीर्घ श्वास घेतला.

"अगंबाई," त्या डोळे बारीक करून इकडेतिकडे बघत म्हणाल्या. "सगळं कसं... एकासारखं एक आहे."

"घरीच शिवलंय वन्सं, सगळं," आई म्हणाली. तिचा ऊर भरून आला होता.

"आणि ही उशी किती छान आहे गं. ऊबदार आहे चांगली."

"आत आपलीच कातरण आहे. काही वाया घालवत नाही मी."

"पण बाकीच्या गार लागतात."

"त्या खिडकीजवळच्या आहेत ना," आईनं खुलासा केला, आणि चहा ओतला. तिला वाटलं, आजचा दिवस आपला.

थोरली आली, मधलाही पर्स ठेवून आला, दोघांनी अभ्यासाची उत्तरं दिली. वन्संनी चहाचा घोट घेतला आणि सहज विचारलं, "आणि छोटा कुठे आहे?"

आईनं दिवाणाकडे पाहिलं. दिवाणावर वन्सं होत्या आणि उशा होत्या. "इथेच होता," ती म्हणाली. मग तिची नजर उघड्या दाराकडे गेली, दारापलीकडच्या जिन्याकडे गेली, जिन्याखालच्या रस्त्याकडे गेली, आणि ती हातातला कप ठेवून उठली.

आतली खोली बघून झाली. मोरी, कपाट, पलंगाखाली. बाबा गच्चीवर धावले. थोरली म्हणाली, "आई, तो उशी-उशी खेळत असेल."

"खेळायची वेळ आहे का ही?" आई म्हणाली, आणि जिन्यात जाऊन तिनं धाकट्याला अशी हाक मारली, की समोरच्या बिऱ्हाडाचं दार उघडलं.

समोर निवृत्त कवायतमास्तर राहायचे. निवृत्त झाले होते, पण गळ्यातली शिट्टी काही निवृत्त झाली नव्हती. त्यांनी प्रसंग ऐकला, शिट्टी फुंकली आणि जिन्यात जमलेल्या सगळ्यांना उंचीप्रमाणे उभं केलं.

"घाबरू नका वहिनी. वर्णन सांगा. अंगात काय होतं?"

"हिरव्या कापडावर पिवळे चौकोन. चौकोनात ठिपका."

"लोकांना तोंडी सांगून कळत नाही. नमुना आहे?"

नमुन्याला काय तोटा! थोरलीनं कातरणीची टोपली आणली आणि मास्तरांनी प्रत्येकाच्या हातात एकेक तुकडा दिला. "या कापडाचं जे दिसेल ते पकडून आणायचं," त्यांनी हुकूम सोडला. "चल!" आणि सगळी फौज जिना उतरून गेली.

माणसं किती चांगली असतात ते अशा वेळी कळतं. हुकूम झाला होता आणि त्याप्रमाणे जे दिसलं ते येऊ लागलं. पहिला आला खालचा इस्त्रीवाला. त्याच्या हातात बाजाराची पिशवी होती, जी मधला कधीतरी त्याच्या टेबलाखाली विसरला होता. "वहिनी, कापड हेच आहे," तो तुकडा लावून म्हणाला. त्याच्यामागून वाणी आला, छत्रीची खोळ घेऊन. मग कुणी गटाराच्या कडेला अडकलेला अभ्रा आणला, कुणी झाडावरून दोरीवरचा उडालेला नॅपकिन काढून आणला. एका आजोबांनी आपल्या कुत्र्याखालचं अंथरूण आणलं. "हे आमच्याकडे वाऱ्यानं आलं होतं," अशी त्यांनी कबुली दिली. प्रत्येक वेळी खालून आरोळी यायची, "सापडलं!" आणि प्रत्येक वेळी आई जिन्यापर्यंत धावायची. गेल्या कित्येक महिन्यांत त्या घरातून जे जे नाहीसं झालं होतं, ते ते सगळं त्या तासाभरात परत आलं. हरवलेलं पोर सोडून सगळं सापडलं.

एकदा मात्र खुद्द मास्तरांचाच आवाज आला, "पकडला! घट्ट धरलाय!" सगळे धावले. जिन्याच्या अंधाऱ्या वळणावर मास्तरांनी हिरवा-पिवळा शर्ट दोन्ही हातांनी आवळून धरला होता.

"अहो मास्तर, सोडा," आतून आवाज आला. "मी त्याचा बाप आहे."

मास्तरांनी तुकडा लावून पाहिला आणि नाइलाजानं सोडलं.

वन्सं या सगळ्यात दिवाणावरून हलल्या नव्हत्या. गुडघ्यांनी परवानगीच दिली नसती. थोरलीनं त्यांना दुसरा चहा आणून दिला होता, तो कप हातात धरून त्या समोर वाढत चाललेल्या हिरव्या-पिवळ्या ढिगाकडे बघत होत्या. आई दारातून आत आली, तिचा चेहरा पार उतरला होता. वन्संनी मान हलवली.

"बिचारी," त्या म्हणाल्या. "मी काय म्हणते, सगळ्यांना एकाच कापडात गुंडाळायचं कशाला? माझ्या गाठोड्यातलं काहीतरी अंगात असतं, तर लेकरू उठून दिसलं असतं गं."

दुसऱ्या कुठल्या दिवशी आईनं याला चोख उत्तर दिलं असतं. आज तिला वाटलं, खरंच आहे. आपण वाचवत बसलो, पुरवत बसलो, फुकटचा तागा मिरवत बसलो, आणि एक गोष्ट तेवढी सांभाळता आली नाही. ती ढिगाशेजारी जमिनीवर बसली आणि त्या कुत्र्याच्या अंथरुणात तोंड लपवून रडली. शिवण तिचीच होती. टाका अजून पक्का होता, हे तिला तशातही दिसलं, आणि त्यामुळे तिला जास्तच रडू आलं.

"आई," थोरली पुन्हा म्हणाली, "उशी-उशी..."

"गप गं," बाबा म्हणाले. "आईला पाणी आण."

आई स्वतःच उठली. स्वयंपाकघरात गेली, माठाकडे हात केला आणि तिची नजर फळीवर गेली. वर बरणी होती. तळाशी एवढासा जॅम आणि कडांना लागलेला. आज धाकट्याची पाळी. सकाळी बरणी वर ठेवली तेव्हा त्यानं केवढासा चेहरा केला होता, ते तिला आठवलं, आणि एकदम तिचं रडू थांबलं. पोर कुठेही असो, हाकेला ओ देणार नाही, शिट्टीला देणार नाही. पण पाळी?

तिनं बरणी काढली, लांब दांड्याचा चमचा घेतला, बाहेरच्या खोलीच्या मधोमध येऊन उभी राहिली आणि खरवडायला लागली. टण टण टण. तोवर फौज जिना चढून दारात जमली होती. इस्त्रीवाल्यानं वाण्याकडे पाहिलं. वाण्यानं डोक्यापाशी बोट नेऊन हळूच फिरवलं. मास्तर बाबांच्या कानाशी लागले, "वहिनींना जरा आडवं करा, मी डॉक्टरांना घेऊन येतो." आई खरवडतच होती. टण टण टण. खिडकीतून रस्त्यावर ऐकू जावं, गच्चीत ऐकू जावं, एवढ्या जोरात.

"माझी पाळी," वन्संची उशी म्हणाली.

वन्संनी आधी मान वळवली. मग उशीला हात फुटला, मग केस फुटले, आणि तिनं वन्संच्या खांद्यावरून चढून पलीकडे जायला सुरुवात केली. वन्सं किंकाळी फोडून अशा उठल्या, की गुडघ्यांनीही आडकाठी घातली नाही. कप वर गेला, खाली आला, आणि येताना सगळा चहा वन्संच्या भारी कपड्यांवर रिकामा करून आला.

आईनं बरणीसकट धाकट्याला उराशी धरलं. त्याच्या गालावर पिवळ्या चौकोनांची वीण उमटली होती, केस घामानं चिकटले होते. सगळे एकदम बोलायला लागले, मास्तरांनी मोहीम संपल्याची लांब शिट्टी दिली, थोरली कमरेवर हात ठेवून "मी केव्हापासून सांगतेय" म्हणत उभी राहिली आणि तिचं या वेळीही कुणी ऐकलं नाही.

"मी हललो नाही," धाकटा आईला म्हणाला. त्याला तिच्या रडण्याचं कारण कळत नव्हतं. "उठलो नाही. आवाज नाही केला. कपडेपण नाही मळवले. आता दे."

खरंच होतं ते. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं सांगितलेलं अक्षर न अक्षर ऐकलं होतं. आईनं चमचा त्याच्या हातात दिला आणि आत्यासमोर तोंड बरबटू दिलं.

फौज पांगली. आता प्रश्न वन्संचा होता. चहा गोड होता, त्यामुळे कपडे ओलेही झाले होते आणि चिकटही. आईचे कपडे त्यांना होण्यासारखे नव्हते. वन्सं दुपटीनं ऐसपैस. घरात त्यांच्या मापाचं एकच काहीतरी होतं, आणि ते कपाटात कोरं करकरीत घडी घालून ठेवलेलं होतं. आईनं ते काढून दिलं आणि आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. मग बाहेर उभी राहून नखं खात राहिली. दिवाणावर गाठोडं होतं. आता तो शब्द येणार, तिला वाटलं, आणि आज तर दुपटीनं येणार.

दार उघडलं. वन्सं गाऊनमध्ये होत्या. त्यांनी शिवण चिमटीत धरून ओढून पाहिली, बाह्या बघितल्या, मग हात सहज खाली गेले आणि खिशांत शिरले. वन्सं थबकल्या. त्यांनी हात बाहेर काढले, पुन्हा आत घातले.

"खिसे आहेत," त्या म्हणाल्या.

"दोन आहेत वन्सं. मोठा रुमाल, किल्ल्या, सगळं राहतं."

"माझं कपाट भरून वाहतंय गं, पण एकालाही खिसा नाही. मी आयुष्यभर किल्ल्या हातात धरून फिरतेय." त्यांनी किल्ल्या एका खिशात टाकल्या, पर्समधून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि पहिल्यांदाच घराकडे नीट पाहिलं. पडदे पाहिले, अभ्रे पाहिले, थोरलीच्या फ्रॉकची चुण्या घातलेली बाही हातात घेऊन पाहिली. मग बरणीत अख्खा हात घालून बसलेल्या धाकट्याकडे पाहिलं. शेजारी दोन भावंडं आपल्या गुलाबी दुधाची वाट बघत बसली होती, हूं की चूं न करता. "माझी पोरं अशी थांबली नसती," त्या हळूच म्हणाल्या. "बरणीचं तुला सुचलं कसं?"

"आमच्याकडे पाळी कुणी चुकवत नाही," आई म्हणाली.

वन्संनी नेहमीप्रमाणे तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"छान संसार केलास गं," वन्सं म्हणाल्या. "अगदी छान."

बास. आईला आणखी काही नको होतं. तिला वाटलं, आत्ता या क्षणी कुणी आणखी एक तागा आणून दिला, तर आपण गावभर पडदे शिवू.

तेवढ्यात वन्संना न्यायला त्यांचे यजमान, म्हणजे भाऊजी आले. ते दारात उभे राहिले, आईला नमस्कार केला, बाबांना हात केला, पोरांच्या डोक्यावर टपल्या मारल्या. मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली, पडद्यापासून दिवाणापर्यंत आणि दिवाणापासून पडद्यापर्यंत.

"हिला कुठे पाठवलंत?" त्यांनी विचारलं. "निघायला हवं होतं."

"समोर बसलेय मी तुमच्या," दिवाण म्हणाला.

भाऊजींनी भिंतीचा आधार घेतला. बाबांनी त्यांना समजुतीनं पाणी दिलं. बाबांना अनुभव होता.

निघताना वन्संनी गाऊन बदलायची गोष्टच काढली नाही. ओले कपडे त्यांनी हिरव्या-पिवळ्या बाजारपिशवीत घातले आणि दोन्ही हात खिशांत घालून उभ्या राहिल्या. मग भाऊजींना म्हणाल्या, "ते गाठोडं उचला. इथे त्याची गरज नाही. मी उगीचच आणत होते इतकी वर्षं."

गाठोडं उचललं गेलं. न सोडता, आलं तसं. आई दारात उभी राहून ते जिना उतरताना पाहत होती. असा दिवस तिनं मनात किती वेळा रंगवला होता, आणि तो अगदी तसाच समोर घडत होता. तिनं समाधानानं मागे वळून आपल्या घराकडे पाहिलं. पडदे, उशा, तक्के, चादर, सगळं झळझळत होतं. बरणी जमिनीवर रिकामी पडली होती. थोरली आणि मधला दिवाणावर होते, म्हणजे असावेत. धाकटा कुठेच दिसत नव्हता.

आईनं एक क्षण विचार केला. मग कठड्यावरून वाकून, आवाज शक्य तेवढा खाली ठेवून तिनं हाक मारली.

"वन्सं... जरा थांबता का? त्या गाठोड्यात धाकट्याच्या मापाचं लाल काही आहे का हो?"